कुंपणाच्या खांबांतून पहिल्याच पावसात हिरवं पाणी निघालं

गोराईला आमची वाडी आहे. सहा म्हशी, दोन गाई, आठ-दहा शेळ्या. सासऱ्यांच्या वेळेपासून वाडीला काटेरी तार होती. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास आमच्या चंद्रीचं सड त्या तारेत अडकून फाटलं. टाके घातले, पण त्या सडाचं दूध कायमचं गेलं. म्हैस आठ दिवस कासेला हात लावू देत नव्हती. तेव्हाच ठरवलं, ही तार काढायची आणि लाकडी कुंपण घालायचं. लोखंडी पाइप इथे टिकत नाहीत. खारी हवा आणि ओली जमीन ते बुडाशी खाते, शेजारच्या वाडीत ते बघितलेलं होतं. लाकूड निवडलं यात माझी चूक झाली असं मला आजही वाटत नाही. फसले ते लाकूड घेताना. माझ्यासारखे गुरं पाळणारे आजूबाजूला बरेच आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

ओळखीतल्या एकाने नंबर दिला. माणूस घरी आला, वाडी मापली. घेर साधारण ४८० फूट. आठ फुटांवर एक असे साठ खांब, कोपऱ्यांना आणि फाटकाला चार जाड, आणि तीन ओळींत आडवे दांडे. निलगिरीचे खांब, सिलिंडरमध्ये प्रेशरने औषध भरलेले, पंधरा वर्षांची गॅरंटी, असं त्याने सांगितलं. पिशवीतून एक वीतभर तुकडा काढून दाखवला. कापलेल्या तोंडावर कडेने चांगलं अंगठ्याएवढं हिरवं कडं होतं. "ताई, वाळवी याला तोंड लावत नाही." तुकडा मी हातात घेऊन बघितला आणि त्याला परत दिला. तो ठेवून घ्यायला हवा होता.

खांब ६५० रुपयांना, जाड खांब १४०० ला, दांडे २६० ला. एकूण ९१,४०० रुपये. पन्नास हजार आगाऊ पाठवले, तेही त्याने दिलेल्या दुसऱ्याच नावाच्या खात्यावर. "भावाचं आहे, ताई." पक्कं बिल मागितलं तेव्हा, जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल, म्हणाला. गॅरंटी त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिली.

माल आला रात्री साडेनऊला. गोराईला ट्रक आणायचा म्हणजे भाईंदर-उत्तन रस्त्यानेच यावं लागतं, त्यामुळे उशीर झाला हे मला खरं वाटलं. मोबाइलच्या उजेडात खांब उतरले. अंगाला हिरवे, आणि दोन्ही तोंडांना जाड डांबर. डांबर कशाला, विचारलं. तडे जाऊ नयेत म्हणून, असं उत्तर आलं. ड्रायव्हरला घाई होती. उरलेले पैसे देऊन टाकले.

त्या डांबराखालीच सगळी फसवणूक झाकलेली होती. पण ते मला खूप उशिरा कळलं.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी हिरवट-निळं पाणी साचलं. शेळ्या तिथे तोंड घालत होत्या. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले आधी शेळ्या तिथून हलवा, हे मोरचूद असू शकतं. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार. मेंढ्यांना ते सगळ्यात जास्त बाधतं, शेळ्यांनाही जपावं लागतं. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. त्या माणसाला फोटो पाठवला. जादा औषध निघून जातं, एवढंच उत्तर आलं, आणि मी गप्प बसले.

खऱ्या प्रेशर दिलेल्या लाकडातून असं पाणी निघत नाही, हे मी नंतर समजून घेतलं. प्रेशरने भरतात ते औषध म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण. ते आपल्याच देशात, देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत, सोंटी कामेशम यांनी १९३३ साली शोधलं. त्यातलं क्रोमियम बाकीच्या दोघांना लाकडाच्या तंतूंत पक्कं बसवतं, म्हणून ते पावसाने सहजासहजी धुपत नाही. त्यासाठी लाकूड आधी वाळवावं लागतं, बंद सिलिंडरमध्ये हवा ओढून घेऊन मग दाबाने द्रावण भरावं लागतं, आणि नंतर काही आठवडे ठेवावं लागतं. आमच्या खांबांना कुणीतरी बहुधा मोरचुदाच्या पाण्यात बुडवून काढलं होतं, बस्स.

यंदा जुलैत चंद्री एका खांबाला अंग घासत होती. पाच-सहाशे किलोचं जनावर. खांब बरोबर जमिनीच्या तोंडाशी मोडला. ती बाहेर पडली आणि खाडीच्या बाजूला चिखलात रुतली. चार माणसांनी दोर लावून काढेपर्यंत अंधार झाला. मागच्या पायाला मोठी जखम झाली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीचे सुतारकाका आले. त्यांनी पहारीचं टोक प्रत्येक खांबाच्या बुडाशी दाबलं. साठांपैकी एकेचाळीस खांबांत ते लोण्यात जावं तसं गेलं. लाकूड नेहमी तिथेच कुजतं, म्हणाले. खाली खोल जमिनीत हवा कमी, वर ऊन लागतं, पण मातीच्या तोंडाशी ओल आणि हवा दोन्ही मिळतात. त्यात लावणाऱ्याने बुडाशी सिमेंटचं वाटीसारखं आळं केलं होतं, त्यात पाणी तुंबत राहिलं. सिमेंट घालायचंच असेल तर ते खांबापासून बाहेर उतरतं हवं.

मग काकांनी एक खांब मधोमध कापला. हिरवा रंग नखाएवढाही आत गेला नव्हता. आत सगळं फिकट लाकूड, त्यात वाळवीची मातीची घरं. तोंडावर बोट ठेवून ते म्हणाले, "पोरी, ही निलगिरी नाही. हा सुरू आहे." आपल्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत, त्याचे वासे मांडवाला, परांचीला चालतात. औषधाशिवाय जमिनीत पुरायला ते लाकूड नाही.

काकांनी मला आणखी एक गोष्ट समजावली, ती आधी कळली असती तर बरं झालं असतं. औषध झाडाच्या बाहेरच्या कच्च्या, पांढऱ्या भागातच नीट मुरतं. आतल्या गाभ्यात ते जवळजवळ शिरत नाही, निलगिरीच्या तर नाहीच. म्हणून औषधाचा खांब गोल आणि न तासलेला घ्यायचा, कापून चौकोनी केला तर औषधाचं कडंच निघून जातं. आणि बिनऔषधाचा घ्यायचा तर उलट. खैर किंवा जुना साग, आणि नुसता गाभा, पांढरा भाग जवळपास नकोच.

दांडेही त्याच्या माणसांनी बाहेरच्या बाजूने साध्या खिळ्यांवर ठोकले होते. म्हैस आतून रेटते तेव्हा सगळा जोर खिळ्यांवर येतो. दांडा जनावराच्या बाजूने असला तर तो खांबावर दाबला जातो. हे मला दिसायला हवं होतं.

त्या माणसाला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "लाकूड आहे ताई, निसर्गाची वस्तू, कुजणारच." दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा नंबर बंद. पैसे ज्या खात्यावर गेले त्याचा मालक म्हणतो, मी त्याला ओळखतच नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. तरीही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते. धंद्यासाठी घेतलेला माल म्हणून अडवतील अशी भीती होती, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात तशी अडचण नाही. पैसे पाठवल्याच्या नोंदी, मेसेज, हिरव्या पाण्याचे फोटो आणि ते कार्ड, एवढाच माझा पुरावा.

मोडलेले खांब जाळू नका, असं काकांनी बजावलं. औषधाच्या लाकडाच्या राखेत आर्सेनिक उरतं, राख खारट म्हणून गुरं ती चाटतात आणि मरतात. आमच्या लाकडात काय आहे ते नक्की माहीत नाही, म्हणून ते वाडीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली रचून ठेवलं आहे.

नवे वीस खांब दिवसा जाऊन, पक्क्या बिलावर घेतले. दुकानात गेल्यावर आधी एक खांब निवडला आणि माझ्यासमोर मधून कापायला सांगितला, त्याचे पैसे देते म्हटलं. दुकानदाराने काही न बोलता करवत लावली. हिरवं कडं बोटभर आत गेलेलं होतं. तो अर्धा तुकडा आणि आमच्या जुन्या खांबाचा एक तुकडा मी पिशवीत भरून ठेवले आहेत. पुढच्या तारखेला दोन्ही घेऊन जाणार आहे.