पुढचा शॉकअप घरी उघडून अकरा महिने झाले, आणि दोष स्प्रिंगचा नव्हताच

माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या डाव्या शॉकअपचं तेल पाइपवरून ओघळत डिस्कपर्यंत पोचलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सकाळी पहिल्याच वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर नेहमीसारखा कडक, पण गाडी काही पकडेना. रस्ता मोकळा होता म्हणून निभावलं. डिस्क साफ करता येते, पण तेल प्यायलेले पॅड कितीही घासले तरी भरवशाचे राहत नाहीत. ते टाकूनच दिले.

गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंची ऑइल सील बदलून घेतली. तीन आठवड्यांत डावी बाजू पुन्हा ओली. परत गेलो तर उत्तर मिळालं, "पाइप गेलाय, जोडीच बदलावी लागेल." मी तिथेच पाइपवर उभं-आडवं नख फिरवून पाहिलं, कुठेही अडकत नव्हतं. क्रोम उडालेला नाही, गंजाचा ठिपका नाही. हे दाखवूनही ते ऐकेनात, आणि तेच सील पुन्हा बदलायचे वेगळे पैसे मागितले. गाडी घरी आणली ती शॉकअप स्वतः उघडायचं ठरवूनच.

सील बाहेर काढल्यावर कारण हातात आलं. आतल्या लिपला, म्हणजे पाइपला घट्ट टेकणाऱ्या रबरी कडेला, एका जागी अर्धचंद्रासारखा काप गेला होता. पाइपच्या वरच्या कडेवरून सील कोरडंच ढकललं की ती कड लिप कापते. कडेवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, तिला शॉकअपचंच तेल लावायचं आणि सील अलगद खाली सरकवायचं, एवढंच करायला हवं होतं. या दोन मिनिटांच्या कामाची टाळाटाळ झाली आणि मला मात्र पाइपची जोडी घ्यायला सांगितलं गेलं. याचा राग अजून गेलेला नाही.

उघडणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण माझा अर्धा दिवस तिच्यात गेला. तळाचा ॲलन बोल्ट फिरवला की आतला डॅम्पर रॉडही (तेल अडवून हालचाल मंद करणारी भोकांची नळी) त्याच्याबरोबर फिरतो आणि बोल्ट सुटत नाही. वरचं टोपण काढायच्या आधीच, स्प्रिंगचा दाब रॉडवर असताना, तो ढिला करून घ्या. जोडताना त्याखालची तांब्याची वायसर नवीनच घाला. तळाशी मला करड्या चिखलाचा थर सापडला. नुसता ड्रेन स्क्रू उघडून तेल बदललं तर तो तिथेच राहतो.

आता उघडलंच आहे तर स्प्रिंगही बदलू, असं ठरवलं. मी बसल्यावरचा सॅग, म्हणजे वजनाने शॉकअप किती दबतो ते, एकूण 130 मिमीच्या प्रवासात 52 मिमी येत होता, म्हणजे 40 टक्के. रस्त्यावरच्या गाडीला साधारण 25 ते 33 टक्के हवा. टोपणाखाली लांब नळी घालून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवावा असं आधी मनात होतं, कारण ते फुकटात होतं. पण प्रीलोडने गाडीचं नाक वर येतं, स्प्रिंग कडक होत नाही. ती आणखी 10 मिमी दाबायला पूर्वीइतकंच जास्तीचं बळ लागतं. म्हणून 6.5 न्यूटन प्रति मिमीच्या जागी 8 ची जोडी घेतली. हातात धरली तर तारेतला फरक डोळ्यांना कळत नाही. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे 4 मिमीची तार 4.2 झाली तरी बाकी सगळं तेच असताना जवळपास 22 टक्के वाढ मिळते. नव्या जोडीवर सॅग 40 मिमीला आला.

तेल मात्र मिलिलिटरच्या मापाने ओतू नका, पातळी मोजा. स्प्रिंग बाहेर, पाइप तळापर्यंत दाबलेला, आणि वरच्या कडेपासून तेलापर्यंत अंतर. मी 140 मिमी ठेवलं. तेलाच्या वर कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. पातळी 10 मिमी वर आणली तर सुरुवातीच्या हालचालीत फारसं कळत नाही, शेवटच्या टप्प्यात मात्र शॉकअप चांगलाच घट्ट होतो. याच सपाट्यात दोन्ही बॉटम केस, म्हणजे शॉकअपचे खालचे जाड भाग, एकमेकांना जोडणारी पट्टी, फोर्क ब्रेस, हीसुद्धा बसवली, पुढचं चाक वळणात वळवळायचं म्हणून.

पहिल्या महिन्याचं माझं मत असं होतं: ब्रेकला उत्तम, खराब रस्त्याला वाईट. ब्रेक मारल्यावर नाक पूर्वीसारखं खाली आपटत नव्हतं, शॉकअप तळाला लागणं बंद झालं होतं. पण बारीक खडबडीत डांबरावर हँडल सतत थरथरायचं, तासाभराने मनगटं दुखायची. आपण स्प्रिंग फार कडक घेतली अशी माझी खात्री झाली. ज्यांनी विचारलं त्यांना मी 7.5 च्या वर जाऊ नका असंच सांगितलं. ते मत मी आता पूर्णपणे मागे घेतो.

मध्ये 15W तेल काढून पातळ 10W घातलं. थोडा फरक पडला, त्रास तोच राहिला. इथे एक सांगून ठेवतो: शॉकअपच्या तेलाच्या डब्यावरचे W चे आकडे एका कंपनीचे दुसरीशी जुळतीलच असं नसतं. 40 अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप), हा आकडा बघून तुलना करा.

पाचव्या महिन्यात टायर बदलायला पुढचं चाक काढलं आणि परत बसवून निघालो तर गाडी वेगळीच वाटली, खडबडीत पट्ट्यावरून पुष्कळ मऊ. स्प्रिंग तीच, तेल तेच. घरी येऊन सॅग दोन प्रकारे मोजला. आधी हँडल दाबून गाडी सावकाश वर येऊ दिली, मग वर उचलून सावकाश खाली बसू दिली. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे आतलं घर्षण. माझ्या वहीत पहिल्या जोडणीनंतरचे आकडे होते 48 आणि 32, सरासरी 40. त्या दिवशी आले 43 आणि 37. सोळा मिलिमीटरचा फरक सहावर आला होता. पाच महिने मी सरासरी बघून खूश होतो आणि खरी माहिती त्या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात होती.

बदल एकच झाला होता. या वेळी ॲक्सलचा पिंच बोल्ट, म्हणजे शॉकअपच्या तळाशी ॲक्सलला चिमटीत धरणारा बोल्ट, मी विसरलो होतो आणि गाडी स्टँडवरून उतरवून, दोन-चार वेळा पुढे-मागे करून झाल्यावर तो आवळला. पहिल्या वेळी चाक हवेत असतानाच आवळला होता. ॲक्सलचा नट आवळला की ॲक्सल एका पायाला, म्हणजे एका बाजूच्या शॉकअपला, पक्का होतो. दुसरा पाय त्यावर आडवा सरकून स्वतःची जागा घेऊ शकतो, पण पिंच बोल्ट ढिला असेल तरच. आधीच आवळला तर तो पाय आत किंवा बाहेर ओढलेला राहतो, दोन पाइप समांतर राहत नाहीत, आणि प्रत्येक बारीक धक्क्याला बुश (पाइपला सरळ धरणाऱ्या आतल्या कड्या) पाइपवर घासत अडकतात. ते अडकणं हातांना कडक स्प्रिंगसारखंच लागतं.

म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. टी मध्ये, म्हणजे हँडलखाली पाइप धरणाऱ्या भागात, दोन्ही पाइपची उंची सारखी. ॲक्सल नट पूर्ण आवळलेला, पिंच बोल्ट ढिला, ब्रेसचे आणि मडगार्डचे बोल्टही ढिले. चाक जमिनीवर, पुढचा ब्रेक धरून शॉकअप आठ-दहा वेळा जोरात दाबायचा. मग पिंच बोल्ट, मग मडगार्ड, सगळ्यात शेवटी ब्रेस. ब्रेसचा बोल्ट आवळताना पट्टी बॉटम केसला ओढून घेत असेल तर मध्ये शिम, म्हणजे धातूची पातळ चकती, घाला. माझ्याकडे डावीकडे एक लागली, आणि ती घातल्यावर फरक सहावरून चारवर आला. गाडीचं चाक कोणीही काढलं, पंक्चरसाठी का होईना, तर घरी आल्यावर मी हा क्रम पुन्हा करतोच.

साधारण 9,000 किलोमीटर झालेत. सील दोन्ही बाजूंनी कोरडी आहेत. नव्या बुशमुळे पहिलं तेल लवकर करडं होईल म्हणून ते 2,000 ला बदललं, आणि करडं निघालंही. ब्रेसचा फायदा वळणात जाणवतो, पण ती नसती तरी चाललं असतं. पैसे आधी स्प्रिंगवर घाला.

एक त्रास उरलाय. वेगात अचानक धारदार खड्डा आला तर हँडलला अजून दणका बसतो. डॅम्पर रॉडच्या ठरावीक भोकांतून तेल जातं, त्यामुळे हालचालीचा वेग दुप्पट झाला की अडवणूक जवळपास चौपट होते. घट्ट तेलाने हे वाढतं, पातळ तेलाने शॉकअप परत उसळायला लागतो. यावर व्हॉल्व्ह असलेले इम्युलेटर, म्हणजे जोराच्या धक्क्याला तेलाला जास्त वाट देणारे सुटे भाग, मिळतात, पण त्यासाठी डॅम्पर रॉडची भोकं मोठी करावी लागतात आणि ती पुन्हा लहान होत नाहीत. जुना सुटा रॉड मिळाला की त्यावर करून बघणार आहे. तोवर पाइपला बांधलेला झिप टाय रोज पाहतो. सगळ्यात वाईट खड्ड्यानंतरही तो शॉकअप पूर्ण दबण्याच्या जागेच्या 14 मिमी अलीकडेच थांबलेला आहे.