कॅलिफोर्नियात न्यायाधीश होण्याच्या दोन वाटा: गव्हर्नरची नेमणूक की काउंटीची निवडणूक?

महाराष्ट्रात खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायचं म्हटलं की आधी परीक्षा आठवते: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, पूर्व, मुख्य, मग मुलाखत. कॅलिफोर्नियात अशी परीक्षाच नाही. तिथे ५८ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत आणि प्रत्येकीचं एक सुपिरियर कोर्ट. खुनाचा खटला, घटस्फोट, वारसाहक्क, भाडेकरूचं भांडण, सगळं त्याच कोर्टात चालतं. राज्यघटना सांगते की हे न्यायाधीश काउंटीच्या मतदारांनी ६ वर्षांसाठी निवडायचे. मात्र मुदत संपण्याआधी जागा रिकामी झाली तर गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला कारभारप्रमुख, माणूस नेमतो. बरेच न्यायाधीश मुदतीच्या मधेच निवृत्त होतात, त्यामुळे आज खुर्चीवर असलेल्यांपैकी बहुसंख्य नेमणुकीने आलेले आहेत.

तिथे वकिली करणाऱ्या मराठी माणसाने हा विचार मनात आणला की पहिला प्रश्न असतो तो कोणत्या वाटेने जायचं हा. दोन्ही वाटा एकाच खुर्चीशी पोचतात, पण तुमच्याकडून त्या अगदी वेगळ्या गोष्टी मागतात.

पात्रता दोन्हीकडे सारखीच

निवड होण्याच्या लगतची सलग १० वर्षं तुम्ही कॅलिफोर्निया बारचे, म्हणजे तिथल्या सनदधारक वकिलांच्या संस्थेचे, सदस्य हवेत. न्यूयॉर्कची किंवा मुंबईची वकिली यात धरत नाहीत. भारतातून सनद घेऊन आलेल्याचं मीटर कॅलिफोर्नियाची सनद हातात पडली त्या दिवसापासून चालू होतं. आधीची पंधरा वर्षं अनुभव म्हणून अर्जात शोभतात, पात्रतेच्या हिशेबात नाही.

ही दहा वर्षं भरत आली की टेम्पररी जज, म्हणजे तात्पुरता न्यायाधीश, म्हणून काम करून पाहा. ठरलेलं प्रशिक्षण घेतलं की कोर्ट तुम्हाला ट्रॅफिक किंवा स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या, बाकावर बसवतं. स्मॉल क्लेम्समध्ये पक्षकार स्वतःच बोलतात, वकील नसतात. घरमालकाने ठेव परत दिली नाही म्हणून आलेली बाई मोबाइलवरचे भिंतीचे फोटो दाखवते, घरमालक पिशवीतून पावत्या काढतो, आणि थोडक्या वेळात दोघांचं ऐकून निकाल द्यायचा असतो. हे काम तुम्हाला झेपतं का आणि आवडतं का, ते इथे कळतं. दोन्ही वाटांवर याचा उपयोग होतो, कारण तुमचा तोल आणि तुमची वागणूक कोर्टातले लोक इथे प्रत्यक्ष पाहतात.

नेमणूक: वकिलांच्या नजरेखालून

अर्ज गव्हर्नरच्या कार्यालयाकडे जातो. तो दोन-चार पानांत आटोपत नाही. तुम्ही चालवलेले खटले, त्यातले किती ज्युरीपुढचे, समोरचे वकील कोण, न्यायाधीश कोण, हे सगळं मागतात. इथे पहिली चूक होते ती नोंदींची. आठ वर्षांपूर्वीच्या खटल्यातल्या समोरच्या वकिलाचं नाव अनेकांच्या लक्षातच नसतं. न्यायाधीश व्हायचा विचार पाच वर्षांनी करणार असाल तरी प्रत्येक खटल्याची अशी वही आजपासून ठेवा.

गव्हर्नरच्या कार्यालयाला नाव विचारात घ्यावंसं वाटलं तर ते स्टेट बारच्या मूल्यमापन आयोगाकडे जातं. वकीलवर्गात त्याला ‘जेनी’ म्हणतात. आयोग तुमच्या ओळखीच्या वकिलांना आणि न्यायाधीशांना गोपनीय प्रश्नपत्रिका पाठवतो, मुलाखत घेतो आणि साधारण ९० दिवसांत चारपैकी एक शेरा देतो: अत्यंत सुयोग्य, सुयोग्य, योग्य, अयोग्य. ‘अयोग्य’ शेऱ्यानंतरही गव्हर्नर नेमू शकतो, पण मग स्टेट बार तो शेरा जाहीर करू शकतो. म्हणून असा अर्ज बहुधा तिथेच थांबतो.

अडचण बहुतेकदा ज्ञानाची नसते, स्वभावाची असते. डिस्कव्हरीच्या, म्हणजे खटल्याआधी एकमेकांना पुरावे देण्याच्या, तारखांवरून समोरच्याला छळणारा, कोर्टातल्या कारकुनावर खेकसणारा, ठरलेला शब्द फिरवणारा वकील खटले जिंकत असेलही. पण गोपनीय प्रश्नपत्रिका त्याच माणसांच्या हातात पडते. दहा वर्षांचं वागणं तीन महिन्यांत दुरुस्त होत नाही.

या वाटेचा मोठा फायदा म्हणजे ती खाजगी असते. अर्ज अडला तर अशिलांना कळत नाही, भागीदारांना कळत नाही. तोटा असा की मुदत कोणी सांगत नाही. अर्ज वर्षानुवर्षं पडून राहू शकतो, आणि शेवटी फोन आला की शपथ घेण्याआधी प्रॅक्टिस आवरायला फार वेळ मिळत नाही. न्यायाधीशाला वकिली करता येत नाही, त्यामुळे एकट्याने ऑफिस चालवणाऱ्याला सगळ्या फाइली आणि ट्रस्ट अकाउंटमधले अशिलांचे पैसे झटपट मार्गी लावावे लागतात.

निवडणूक: एक नाव आणि त्याखालची एक ओळ

निवडणुकीत आधी जागा ओळखावी लागते. मुदत संपताना विद्यमान न्यायाधीश पुन्हा उभा राहणार नसेल तर ती खुली जागा. तो उभा राहिला आणि विरोधात कोणी नसेल तर त्याचं नाव मतपत्रिकेवर येतच नाही, तो आपोआप निवडून येतो.

तारखा फार घट्ट असतात. ५ मार्च २०२४ च्या प्राथमिक फेरीचं उदाहरण घ्या. उभं राहण्याचा इरादा जाहीर करण्याची खिडकी ३० ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर २०२३ अशी होती. ज्या जागेवर विद्यमान न्यायाधीशाने अर्ज भरला नाही, तिथे इतरांसाठी ती १३ नोव्हेंबरपर्यंत वाढली. उमेदवारी अर्ज ८ डिसेंबरपर्यंत. म्हणजे कोणती जागा खुली आहे हे अधिकृतपणे कळल्यावर निर्णयाला जेमतेम पाच दिवस मिळतात. ज्यांची तयारी आधीच झालेली असते, तेच या पाच दिवसांत टिकतात.

इरादा जाहीर करतानाच शुल्क भरायचं: न्यायाधीशाच्या वार्षिक पगाराच्या १ टक्का. पगार दोन लाख डॉलरच्या वर आहे, म्हणजे शुल्क दोन हजारांच्या वर. ही आपल्याकडची अनामत नव्हे, पुरेशी मतं मिळाली तरी परत मिळत नाही. मतदारांच्या सह्या गोळा करून ते कमी करता येतं.

निवडणूक पक्षविरहित असते. प्राथमिक फेरीत कुणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर तिथेच निकाल, नाहीतर पहिले दोन नोव्हेंबरमध्ये समोरासमोर.

आता मतपत्रिका डोळ्यासमोर आणा. उमेदवाराचं नाव आणि त्याखाली व्यवसायाची एक ओळ, बस्स. लॉस एंजेलिस काउंटीत एकाच वेळी बऱ्याच जागांची निवडणूक असते आणि बहुतेक मतदारांनी यातलं एकही नाव आधी ऐकलेलं नसतं. त्यामुळे ती ओळ फार महत्त्वाची. पूर्वी सरकारी वकील तिथे गुन्ह्यांचा उल्लेख करून जोरदार पदनाम लिहीत. २०१७ च्या कायद्याने ते थांबलं: सरकारी वकिलाने खरं पदनाम आणि काउंटीचं किंवा शहराचं नाव लिहायचं, खाजगी वकिलाने साधं ‘अॅटर्नी’ किंवा तत्सम. तरीही ‘डेप्युटी डिस्ट्रिक्ट अॅटर्नी’ (काउंटीचा सरकारी वकील) ही ओळ मतदाराला नुसत्या ‘अॅटर्नी’पेक्षा वजनदार वाटते. दिवाणी किंवा कौटुंबिक बाजूच्या चांगल्या वकिलाला हा अन्यायच आहे, पण तो गृहीत धरूनच गणित मांडावं लागतं.

आणि नावाचं काय? २००६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये झिंट्रा यानाव्स या अनुभवी न्यायाधीश हरल्या. जिंकल्या त्या लिन डायान ओल्सन, ज्या बेगलचं दुकान चालवत. काउंटी बारच्या समितीने यानाव्स यांना सर्वांत वरचा शेरा दिला होता आणि ओल्सन यांना ‘अयोग्य’. परकं वाटणारं आडनाव हे हरण्याचं एक कारण असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी यानाव्स यांची नंतर दुसऱ्या जागेवर नेमणूक केली. देशपांडे, क्षीरसागर, वऱ्हाडपांडे अशी आडनावं घेऊन मोठ्या काउंटीत उभं राहणाऱ्याने हे प्रकरण नीट अभ्यासावं. निवडणुकीपुरतं सोपं नाव घ्यावं असं काही जण सुचवतात, पण निवडणुकीच्या आधीच्या वर्षभरात बदललेलं नाव, लग्न किंवा कोर्टाच्या आदेशाचा अपवाद सोडला तर, मतपत्रिकेवर छापत नाहीत. छोट्या काउंटीत चित्र वेगळं असतं. अल्पाइन काउंटीच्या कोर्टात दोनच न्यायाधीश आहेत. तिथे मतदार माणसालाच ओळखतात, आडनाव कसंही असो.

पैसा

नेमणुकीला खर्च जवळजवळ नाही. निवडणुकीत मोठ्या काउंटीत लाख डॉलर सहज जातात. मतदारांच्या घरी जाणाऱ्या अधिकृत पुस्तिकेत २०० शब्दांचं निवेदन छापायचं तर खर्च उमेदवाराचा, आणि तो अर्ज शुल्काच्या कितीतरी पट असतो. ‘स्लेट मेलर’ नावाची, कुणाला मत द्यावं याची यादी देणारी पत्रकं मतदारांकडे येतात, ज्यात नाव घालायला पैसे मोजावे लागतात. सल्लागाराची फी वेगळी.

एक डॉलर घेण्याआधी उमेदवारीचा इरादा सांगणारा फॉर्म ५०१ भरायचा, देणग्या २,००० डॉलरवर गेल्या की प्रचार समिती नोंदवायची, बँक खातं वेगळं. देणग्या बहुधा वकिलांकडूनच येतात आणि पुढे तेच तुमच्यासमोर उभे राहतात. खटल्यातल्या पक्षकाराने किंवा वकिलाने १,५०० डॉलरपेक्षा जास्त दिले असतील तर न्यायाधीशाला त्या खटल्यातून बाजूला व्हावं लागतं. लहान काउंटीत चार मोठ्या फर्म्सनी तुम्हाला भरघोस देणग्या दिल्या तर निम्मं काम तुम्हाला करताच येणार नाही. म्हणून तिथे मोठी देणगी नम्रपणे परत करणंच शहाणपणाचं.

बोलण्याची मर्यादा

प्रचारात ‘मी चोरांना सोडणार नाही’ किंवा ‘भाडेकरूंच्या बाजूने उभा राहीन’ म्हणता येत नाही. पुढे येऊ शकणाऱ्या खटल्यांबद्दल आधीच शब्द देणं न्यायिक आचारसंहितेत बसत नाही. वकील उमेदवारालाही ही संहिता लागू आहे आणि प्रचाराच्या नीतिनियमांचा एक अभ्यासक्रम पूर्ण करणं सक्तीचं आहे. बोलायचं ते अनुभवावर, कामाच्या पद्धतीवर, कोर्टात वेळेवर येण्यावर. पक्षांच्या स्थानिक समित्या मात्र उमेदवारांना पाठिंबा देतात आणि त्यांच्या प्रश्नावलीत नेमके धोरणाचे प्रश्न असतात. उत्तर लिहिताना पेन तिथे अडखळलं पाहिजे.

खुर्चीवर बसल्यानंतर

निवडून आलेल्याची मुदत जानेवारीच्या १ तारखेनंतरच्या सोमवारी सुरू होते. मार्चमध्येच जिंकलात तर प्रॅक्टिस आवरायला नऊ-दहा महिने मिळतात, हा निवडणुकीचा मोठा फायदा. शिवाय ६ वर्षं पूर्ण हाती.

नेमलेल्याला मात्र मतदारांसमोर लवकर जावं लागू शकतं. जागा रिकामी झाल्यानंतरचा दुसरा १ जानेवारी उलटला की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत ती जागा येते. जागा जुलै २०२४ मध्ये रिकामी झाली असेल तर २०२६ ची निवडणूक, जुलै २०२५ मध्ये झाली असेल तर थेट २०२८ ची. मोजणी जागा रिकामी झाल्यापासून, तुमच्या नेमणुकीपासून नव्हे. उशिरा नेमले गेलात तर खुर्ची गरम व्हायच्या आत अर्ज भरावा लागतो. बहुतेकांच्या विरोधात कोणी उभं राहत नाही, तरी थोडा निधी आणि पाठिंब्याची यादी तयार ठेवलेली बरी. मतदारांना परत बोलावण्याचा अधिकार तर दोघांच्याही बाबतीत आहे. सांता क्लारा काउंटीच्या मतदारांनी जून २०१८ मध्ये न्यायाधीश अॅरन पर्स्की यांना एका शिक्षेवरून पदावरून हटवलं.

कुणी काय निवडावं

खाजगी प्रॅक्टिस, दिवाणी किंवा कौटुंबिक काम, वकिलांमध्ये चांगलं नाव, प्रचाराला पैसा नाही, काउंटी मोठी: अर्ज करा आणि धीर धरा. सरकारी वकील किंवा पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींचा सरकारने दिलेला वकील) असाल, खटले भरपूर चालवले असतील, घरच्यांची वर्षभराच्या धावपळीला तयारी असेल, तर खुल्या जागेची वाट पाहा. अर्ज पडून असतानाही खुल्या जागेवर उभं राहता येतं. पण गव्हर्नरने नुकत्याच नेमलेल्या न्यायाधीशाविरुद्ध उभं राहिलात तर त्याच गव्हर्नरकडून काही अपेक्षा ठेवू नका.

विद्यमान न्यायाधीशाला आव्हान देणं ही तिसरी वाट आहे, आणि त्याच्या कामात खरोखर गंभीर दोष असल्याशिवाय ती आम्ही कुणालाच सुचवणार नाही. हरलात तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच कोर्टात तुमच्या अशिलाची तारीख असू शकते. तो न्यायाधीश निष्पक्ष राहीलही, पण त्या दिवशी अशिलाच्या पोटात गोळा येणारच.