जळक्या ऑइलच्या वासावर हाफ इंजिनचं बिल

सिग्नलला थांबलं की एसीतून जळक्या ऑइलचा वास, आणि गाडी सुटली की वास गायब. तुमच्या गाडीला असं होत असेल तर गॅरेजमध्ये जाण्याआधी हे वाचा. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला हेच होत होतं आणि पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने मला त्यात ३८ हजारांची टोपी घातली. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

त्याने पटवलं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण ही युक्ती कोणावरही चालेल. इंजिन चालू ठेवून त्याने ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतून फुकफुक करत वाफ आली. "बघा साहेब, धूर मारतंय. रिंगा गेल्या." रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या कड्या, ऑइल वर जळायला जाऊ नये म्हणून असतात त्या. मग एक प्लग काढून माझ्या हातात ठेवला. आट्यांना ऑइल. "आतून वर येतंय. हाफ इंजिनचं काम आहे. आत्ता केलं तर भागेल, रस्त्यात सीझ झालं तर अख्खं इंजिन बांधावं लागेल." हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून रिंगा, बेअरिंग वगैरे बदलणं. आम्ही घरचे सगळे कोकणात निघणार आहोत, हे बोलता बोलता त्याने आधीच काढून घेतलं होतं.

आता त्या दोन्ही पुराव्यांचं बघा. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की थोडी वाफ येतेच, चांगल्या इंजिनातूनही येते. प्लगची गोष्ट जास्त मजेशीर आहे. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण, त्याच्या पॅकिंगबरोबर प्लगच्या नळ्यांचे सील असतात. ते कडक झाले की ऑइल वरून प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि प्लग काढताना आट्यांना माखतं. रिंगा गेल्या असतील तर प्लगचं खालचं टोक, जिथे ठिणगी पडते ते, ओलं आणि काळं दिसतं. माझ्या प्लगचं टोक कोरडं, तपकिरी होतं. त्याचा फोटो मी तेव्हाच काढला होता, तो आता कामी येतोय. रिंगा गेलेली गाडी रेस केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर सोडते आणि डिपस्टिकवरचं ऑइल भराभर उतरतं. माझ्या गाडीत दोन्ही नव्हतं. म्हणजे ऑइल आत जळत नव्हतं. ते कव्हरच्या कडेने ओघळून गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर, पडत होतं. एसी हवा घेतो काचेच्या खालून, बॉनेटच्या मागच्या कडेजवळून. गाडी उभी असली की वास तिथून आत येतो, धावत असली की वारा तो उडवून नेतो.

गाडी परत मिळाली तेव्हा इंजिन धुऊन चकाचक, वास नाही. पावती कोऱ्या कागदावर, जीएसटी नंबर नाही: रिंग सेट, बेअरिंग, हेड पॅकिंग, ऑइल २०डब्ल्यू५०, मजुरी. जुने पार्ट मागितले तर एका ट्रेमधल्या काळ्या रिंगा दाखवल्या. कुठल्या गाडीच्या होत्या देव जाणे. महिनाभरात वास परत आला. फोन केला तर म्हणे, "नवीन रिंगा आहेत, सेट व्हायला वेळ लागतो."

मग ओळखीतून एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. पावती वाचून ते आधी २०डब्ल्यू५० वर थांबले. कंपनीच्या पुस्तकात ५डब्ल्यू३० लिहिलंय. जाड ऑइल घातलं की गळती काही दिवस मंदावते, एवढाच त्याचा उपयोग. मग ते गाडीखाली शिरले. रिंगा बदलायच्या तर वरून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, उतरवावा लागतो आणि खालून ऑइल चेंबर, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, काढावी लागते, त्याशिवाय पिस्टन बाहेर निघत नाही. चेंबरच्या सांध्यावर वर्षानुवर्षांचा तेलकट मातीचा थर अखंड होता. धुणाऱ्याने पाणी फक्त वरून मारलं होतं. टॅपेट कव्हर उघडल्यावर हेडचे बोल्ट दिसले, सगळ्यांवर ऑइलचा जुना तांबूस लेप, पान्याचा एक ओरखडा नाही. "कंपनीतून निघाल्यापासून याला कोणी हात लावलेला नाही," मिस्त्री म्हणाले. कव्हरचं पॅकिंग त्यांनी बोटांत धरून वाकवलं, तर रबर कट्‌कन तुटलं.

नाना पेठेतून नवीन पॅकिंग आणि प्लगचे सील आणले. मजुरी धरून सगळं दोन हजारांच्या आत. मॅनिफोल्डवर सांडलेलं जुनं ऑइल जळून जाईपर्यंत थोडे दिवस वास राहील, हे मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं.

वास आला तर चालढकल मात्र करू नका, तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणाऱ्या ऑइलने आगही लागू शकते. फक्त कोणी हाफ इंजिन म्हणालं की आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून, मागा. सगळ्या सिलिंडरचे आकडे कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळपास आले तर रिंगा गेल्याचं सहसा पटण्यासारखं नसतं. काम करायचंच ठरलं तर हेड उघडं असताना जाऊन बघा. निदान त्या अवस्थेतला, नंबर प्लेटसकट व्हिडिओ मागवा. आणि पैसे यूपीआयनेच द्या. माझ्याकडे पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मिस्त्रींनी बोल्टांचे फोटो काढू दिले आणि काय पाहिलं ते सही करून लिहून दिलं. गॅरेजवाला आता एक सर्व्हिसिंग फुकट करून देतो म्हणतोय. ते लेखी द्या म्हटल्यापासून फोन उचलत नाही.