बिंग की कर? दोन गव्हर्नर जनरल, दोन राडे

कॅनडा, ऑस्ट्रेलियात गव्हर्नर जनरल म्हणजे ब्रिटनच्या राजाच्या वतीने सही करणारा माणूस, पंतप्रधान सांगेल तसं, असं आपण धरून चालतो, पण दोघांनी ते मोडलं.

कॅनडात १९२६ ला लॉर्ड बिंग. पंतप्रधान मॅकेन्झी किंगच्या मागे कस्टम्सचा घोटाळा लागलेला, सभागृहात त्याच्याविरुद्धच्या ठरावावर मतदान व्हायच्या आत त्याला निवडणूक हवी होती, बिंग म्हणाला नाही, मग किंगने राजीनामा दिला आणि विरोधी नेता मीएन पंतप्रधान झाला, पण ते सरकार काही दिवसांतच पडलं. मग निवडणूक झालीच आणि किंग जिंकून आला.

ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ ला गव्हर्नर जनरल जॉन कर याने तर थेट पंतप्रधान व्हिटलॅमला डिसमिस केलं. सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, बजेट अडवलं होतं हे खरं, पण कनिष्ठ सभागृहात बहुमत व्हिटलॅमकडेच होतं ना! आणि गंमत म्हणजे करला नेमलं होतं व्हिटलॅमच्याच शिफारशीवर. विरोधी नेता फ्रेझर काळजीवाहू पंतप्रधान झाला आणि डिसेंबरात दणदणीत जिंकला.

म्हणजे मतदारांनी बिंगला उताणं पाडलं, करला वाचवलं, पण मला बिंगच जास्त पटतो, कारण त्याने फक्त मागणी नाकारली आणि त्याचं म्हणणं किंगला आधीपासून माहीत होतं, करने मात्र व्हिटलॅमला शेवटपर्यंत अंधारात ठेवलं, फ्रेझर तिथेच दुसऱ्या खोलीत बसलेला! राणीलाही त्याने आधी कळवलं नव्हतं, त्याची राजवाड्याशी झालेली पत्रं २०२० ला बाहेर आली, त्यात हे आहे.