हस्तलिखित पूर्ण झालं; आता संपादन कुणी करायचं?

शेवटच्या ओळीखाली 'समाप्त' लिहिलं की दोन ऊर्मी एकदम उसळतात. आजच प्रकाशकाला पाठवून मोकळं व्हावं, ही एक. दुसरी, कुणा जाणकाराला पैसे देऊन 'सगळं नीट' करून घ्यावं. दोन्ही महिनाभर तरी दाबून ठेवा.

मुळात 'संपादन' या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं दडलेली असतात आणि चुकीचे निर्णय होतात ते इथेच. एक काम आशयाचं: प्रकरणांचा क्रम, कोणतं पात्र कशासाठी आहे, युक्तिवाद कुठे लंगडतो. दुसरं वाक्यांचं: लय, पुनरुक्ती, नेमका शब्द. तिसरं मुद्रितशोधन: ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं, तिसऱ्या प्रकरणातली 'सुमन' अकराव्यात 'सुमती' झालेली नाही ना, हे बघणं. कामं याच क्रमाने व्हायला हवीत. नाहीतर जे प्रकरण पुढच्या महिन्यात उडणार आहे, त्याच्या वेलांट्या सुधारण्याचे पैसे तुम्ही आज भरता. मी एकदा भरले आहेत.

आशयाचं पहिलं संपादन स्वतःच करावं, असं माझं ठाम मत आहे. ते फुकट आहे म्हणून नव्हे (ते कारणही वाईट नाही), तर पुस्तक काय व्हायला हवं होतं हे फक्त तुम्हालाच माहीत असतं म्हणून. अडचण एकच. लिहिणारा स्वतःचा मजकूर वाचताना कागदावरचं कमी आणि मनातलं जास्त वाचतो. त्यामुळे डोळ्याला फसवावं लागतं: टंक (फॉन्ट) बदला, छापून घ्या, मोठ्याने वाचा. मिनिटाला १०० शब्द धरले तरी ६०,००० शब्दांना १० तास लागतात. आठवडाभर रोज दीड तास दिला की झालं. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेलं असण्याची शक्यता बरीच.

याहून उपयोगी म्हणजे उलटा आराखडा. पुस्तक लिहून झाल्यावर प्रत्येक प्रकरणापुढे एकच ओळ लिहायची: या प्रकरणाने काय बदललं? माझ्या कादंबरीत २२ प्रकरणं होती. त्यातल्या चारांपुढे मला 'ते दोघं बोलतात' याखेरीज काही लिहिता येईना. त्या चारांचं एक प्रकरण झालं आणि त्यासाठी कुणालाही विचारावं लागलं नाही.

तुम्हाला माहीत आहे म्हणून सांगायचं राहून गेलंय, ते मात्र तुम्हाला कितीही वाचून दिसणार नाही. तिथे वाचक लागतो. घरचे नकोत, ते प्रेमापोटी 'छान आहे' म्हणतात आणि आपण ते खरं मानतो. त्या प्रकारची पुस्तकं एरवी स्वतःहून वाचणारी तीन माणसं पुरेत. दहा जणांना दिलंत तर दहा पुस्तकं हातात येतील. 'कसं वाटलं?' हा प्रश्न विचारू नका. वाचता वाचता कुठे खाली ठेवलंत, कुठे मागची पानं चाळावी लागली, कुणाचं नाव विसरलात, हे विचारा. दोघं एकाच ठिकाणी अडले तर वाद न घालता मान्य करा. उपाय मात्र आपला आपण शोधायचा. माझ्या दोन वाचकांनी नायिकेच्या भावाला काढून टाकायला सांगितलं होतं. खरा घोटाळा इतकाच होता की तो ६० पानं उशिरा येत होता.

दर आठवड्याला एकेक प्रकरण वाचणारा लेखकांचा गट वाक्यांसाठी चांगला असतो. पूर्ण पुस्तकासाठी नाही, कारण नवव्या प्रकरणापर्यंत तिसरं कुणाच्याच लक्षात राहिलेलं नसतं.

व्यावसायिक संपादक या सगळ्यांत सर्वांत ताकदवान, आणि म्हणूनच सर्वांत जपून निवडायचा. टी. एस. एलियट यांच्या १९२२च्या दीर्घ कवितेच्या खर्ड्यातला मोठा भाग त्यांचे कविमित्र एझरा पाउंड यांनी काढायला लावला आणि एलियट यांनी ती कविता पुढे त्यांनाच अर्पण केली. याउलट रेमंड कार्व्हर यांचा १९८१चा कथासंग्रह. संपादक गॉर्डन लिश यांनी हस्तलिखित जवळजवळ निम्मं छाटलं, तेव्हा कार्व्हर यांनी पत्र लिहून छपाई थांबवण्याची विनवणी केली. पुस्तक लिश यांच्याच रूपात आलं आणि गाजलं. कार्व्हर यांची मूळ संहिता २००९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. कुणाचं बरोबर, यावर वाचक अजून भांडतात. धारदार कात्री आणि आपला आवाज यांच्यातला हा व्यवहार तुम्हाला मानवणार आहे का, ते आधीच ठरवा.

पैसे कधी खर्चावेत? पारंपरिक प्रकाशकाकडे जाणार असाल, तर तिथे स्वीकृतीनंतर भाषिक संपादन आणि मुद्रितशोधन सहसा प्रकाशकच करून घेतो. त्याच कामाचे पैसे तुम्ही आधी का भरायचे? पहिली वीस-तीस पानं तेवढी निर्दोष असू द्या, कारण निवडणाऱ्याचं मत तिथेच बनतं. वाचक एकाच दुखण्यावर बोट ठेवताहेत आणि ते तुम्हाला काही केल्या सुटत नाही, अशा वेळी आशयाच्या संपादकावरचा खर्च योग्य. स्वतःच पुस्तक काढणार असाल तर मात्र हिशेब उलटतो. तिथे तुमच्यामागे दुसरा डोळा नसतो, म्हणून मुद्रितशोधनाला पर्याय नाही आणि ते तुम्ही स्वतः करायचं नाही.

शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर फार विसंबू नका. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' हे सगळेच शब्द शुद्ध आहेत. चूक अर्थाच्या पातळीवर असते, आणि नुसतं अक्षर जुळवून बघणाऱ्या यंत्राला ती दिसत नाही. 'घरासमोरच्यांनीसुद्धा' अशा प्रत्ययांच्या माळेखाली मात्र ते हमखास लाल रेघ ओढतं. एका कामाला ते उत्तम: तुमचा लाडका शब्द शोधायला. माझा 'अचानक' १४३ वेळा सापडला. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल, तर रफार आणि जोडाक्षरं बऱ्याचदा तुटलेली असतात. म्हणून शेवटचं मुद्रितशोधन रूपांतर झाल्यावरच करा.

संपादक ठरवण्याआधी दहा पानं नमुना म्हणून करून घ्या, आणि ती पहिली दहा नकोत, मधली द्या. पहिली पानं आपण घासूनपुसून चकचकीत केलेली असतात. बदल नोंदीसह दिसायला हवेत, थेट मजकुरात मिसळलेले नकोत. वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, हे पैसे देण्याआधी लेखी ठरवा. नमुना परत आला की दोन दिवस थांबून वाचा. पहिल्या दिवशी सगळ्याच दुरुस्त्यांचा राग येतो. तिसऱ्या दिवशी ज्यांचा राग उरलेला असेल, त्यांच्याविषयीच संपादकाशी बोला.