सियागंजचा तोतया व्यापारी : किराणा टंचाईतील फसवणुकीचा अनुभव

मार्च 2020 च्या अखेरीस इंदूरमध्ये किराणा मिळेनासा झाला, तेव्हा आमच्या सुदामानगरातील अनेक मराठी कुटुंबांकडून एका माणसाने घरपोच सामान देतो असे सांगून आगाऊ पैसे घेतले आणि तो नाहीसा झाला. त्या कुटुंबांत आमचेही कुटुंब होते. या गोष्टीला बरीच वर्षे लोटली असली, तरी टंचाईची नुसती आवई उठली की त्याच धर्तीचे संदेश पुन्हा फिरू लागतात. म्हणून त्या माणसाने काय केले आणि कोणत्या क्रमाने केले, हे सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

त्या दिवसांची परिस्थिती आधी सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय ही फसवणूक शक्यच झाली नसती. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि 24 मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा केली. घोषणा संपते न संपते तोच आमच्या भागातील किराणा दुकानांपुढे गर्दी झाली. एरवी महिन्याला पाच किलो साखर नेणाऱ्या घरांनी पोतेच मागितले, आणि ज्यांना रात्री बाहेर पडता आले नाही त्यांना सकाळी रिकामी फडताळे पाहावी लागली. दुसऱ्याच दिवशी शहरात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले, संचारबंदी लागली, आणि 30 मार्चपासून तीन दिवस किराणा दुकानांसह सर्व काही बंद राहील असे प्रशासनाने जाहीर केले. ज्यांच्या डब्यात दोन-चार दिवसांचे पीठ होते, ते त्या घोषणेने हादरले.

वास्तविक देशात धान्याचा तुटवडा नव्हता. 1 एप्रिल 2020 रोजी सरकारी गोदामांत गहू आणि तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक साठा होता, आणि त्या तारखेला राखीव साठ्याचे ठरलेले प्रमाण सुमारे 2.1 कोटी टन आहे. अडचण धान्याची नव्हती, ते घरापर्यंत येण्याची होती. सियागंजची घाऊक पेठ आणि छावणीची धान्य मंडी बंद, हमाल आपापल्या गावी निघालेले, मालमोटारी नाक्यांवर अडकलेल्या, आणि जो माल गल्लीतल्या दुकानांत होता तो एका रात्रीत मोजक्या घरांत जाऊन बसलेला. ज्यांनी त्या रात्री साठा केला त्यांच्यापैकी कोणीही दुष्ट नव्हते, हे मी जाणतो. पण त्या साठ्यामुळे शेजारचे घर रिकामे राहिले आणि त्या रिकाम्या घराच्या दाराशी फसवणारा येऊन उभा राहिला, हेही तितकेच खरे आहे.

पूर्ण बंदी सुरू होण्याच्या सुमारास आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर हिंदीत एक संदेश आला. सियागंजच्या एका घाऊक पेढीचे नाव, प्रशासनाच्या परवानगीने घरपोच किराणा, आणि खाली सामानाची यादी : गव्हाचे पीठ दहा किलो, तांदूळ पाच किलो, तूरडाळ दोन किलो, साखर पाच किलो, सोयाबीन तेल पाच लिटर, पोहे, चहा, मीठ, हळद आणि तिखट. किंमत 1,950 रुपये. हा आकडा फार विचारपूर्वक ठरवलेला होता, असे आज मला वाटते. तो नेहमीच्या भावापेक्षा किंचित जास्त होता, त्यामुळे कोणी फुकटात काही वाटत आहे असा संशय आला नाही. आणि काळ्या बाजारात जे भाव ऐकू येत होते त्यांच्या मानाने तो कमी होता, त्यामुळे माणूस सचोटीचा वाटला. फसव्या संदेशात नेहमी अविश्वसनीय स्वस्ताई असते, असा जो आपला समज आहे, तो टंचाईच्या काळात लागू पडत नाही.

मी दिलेल्या क्रमांकावर फोन केला तेव्हा माझे आडनाव ऐकताच पलीकडचा माणूस मराठीत बोलू लागला. "काका, मी आपल्यातलाच आहे, रामबागेत लहानाचा मोठा झालो. तुम्ही काळजी करू नका, आजी-आजोबा असलेली घरं मी आधी करतोय," असे तो म्हणाला. इंदूरमध्ये मराठी माणसाला मराठी बोलणारा भेटला की अर्धी ओळख तिथेच होते. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर यांपैकी कोणाचे तरी कोणीतरी ओळखीचे निघतेच. त्याने नेमका त्याच आपुलकीचा वापर केला. हिंदी भाषिक घरांशी तो अस्सल इंदुरी हिंदीत बोलत असे, आणि त्यांनाही तो आपलाच वाटला, हे पुढे एकमेकांशी बोलताना कळले.

त्याची सर्वांत मोठी चाल मात्र पुढेच होती. पहिल्या दिवशी त्याने आमच्या गल्लीतल्या दोन घरी खरोखरच सामान पाठवले. मुखपट्टी बांधलेला एक मुलगा दुचाकीवरून आला, पिशव्या फाटकाशी ठेवून गेला, आणि सामान यादीबरहुकूम निघाले. त्या दोन घरांनी आनंदाने पिशव्यांचे छायाचित्र गटावर टाकले. त्यानंतर कोणाच्याही मनात शंका उरली नाही, आणि उरावी अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. ज्याची प्रचिती शेजाऱ्याला डोळ्यांदेखत आली आहे, त्यावर विश्वास ठेवणे हा माणसाचा स्वभाव आहे. त्या दोन पिशव्या हे त्याचे भांडवल होते. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बहुतेक घरांनी यादी पाठवली, आणि आता त्याने निम्मी रक्कम आगाऊ मागितली, कारण "पेठेत उधारी बंद झाली आहे, रोख भरल्याशिवाय गाडी भरत नाहीत". अनेकांनी निम्मी, तर काहींनी पूर्ण रक्कम यूपीआयने पाठवली. त्याच्याकडून सर्वांना छापील दिसणारे बिल आले आणि संचारबंदीच्या परवान्याचे छायाचित्रही आले.

दुसऱ्या दिवशी सामान आले नाही, फोन आला. गाडी राजवाड्याजवळ पोलिसांनी अडवली आहे, परवान्यावर एका गाडीचा क्रमांक चुकला आहे, दंड भरला की सुटेल, प्रत्येक घराने तीनशे रुपये पाठवावेत, बिलातून वळते करून देईन. रस्त्यारस्त्यांवर पोलीस उभे होते, गाड्या अडवल्या जात होत्या, हे सर्वांनी गच्चीवरून पाहिले होते. त्यामुळे हे कारणही पटण्यासारखेच होते. ज्या बंदीमुळे आम्हाला सियागंजला जाऊन त्याची पेढी पाहता येत नव्हती, तीच बंदी त्याच्या प्रत्येक सबबीला साक्ष देत होती. काही घरांनी हेही पैसे भरले.

तिसरा टप्पा सर्वांत क्रूर होता. लोक पैसे परत मागू लागले तेव्हा त्याने वाद घातला नाही. उलट क्षमा मागितली आणि रक्कम परत करण्यासाठी म्हणून प्रत्येकाला एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे खात्यात जमा होतील, असे त्याने सांगितले. आमच्या शेजारी एक काकू एकट्या राहतात. त्यांची मुलगी पुण्याला असते आणि यूपीआय त्यांनी तिच्याकडून नुकतेच शिकून घेतले होते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे केले आणि त्यांच्या खात्यातून नऊ हजार रुपये गेले. ही गोष्ट त्यांनी कितीतरी दिवस कोणालाच, अगदी मुलीलाही सांगितली नाही. या सर्व प्रकारात मला सर्वांत जास्त संताप कशाचा येत असेल तर याचा, की पैसे घेऊन तो थांबला नाही, त्याने त्या बाईच्या मनात स्वतःविषयीच अविश्वास पेरला.

म्हणून हे स्पष्ट सांगतो : यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून बाहेर जातात. समोरच्याने पाठवलेला कोड स्कॅन करून पिन टाकणे म्हणजे त्याला पैसे देणे होय, मग तो त्याला परतावा म्हणो, सवलत म्हणो की अनुदान.

पुढे आम्ही काही जणांनी ती बिले शांतपणे वाचली, तेव्हा घरबसल्या तपासता येतील अशा कितीतरी खुणा त्यांत सापडल्या. टाळेबंदीत बाहेर पडता येत नसल्यामुळे खातरजमा अशक्य होती, असे आम्हाला वाटत होते. ते तसे नव्हते. बिलावर जीएसटी क्रमांक होता, आणि हा क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असून त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात. मध्य प्रदेशाचे अंक 23 आहेत. सियागंजच्या म्हणवणाऱ्या या पेढीचा क्रमांक 09 ने सुरू होत होता, म्हणजे तो उत्तर प्रदेशाचा होता. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणताही क्रमांक टाकून तो कोणाच्या नावाने नोंदलेला आहे हे विनामूल्य पाहता येते, आणि तिथे भलत्याच व्यवसायाचे नाव निघाले. दुसरी खूण त्याहून ठळक होती. बिलात सगळ्या सामानावर सरसकट 18 टक्के कर लावला होता. त्या वेळी सुट्या, बिनछापाच्या पीठ-डाळ-तांदळावर जीएसटी नव्हताच, आणि साखर व खाद्यतेल यांवर तो 5 टक्के होता. किराण्याचा खरा व्यापारी हे आकडे झोपेतही चुकणार नाही.

पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचे जे नाव उमटते, तेही पेढीचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. आणि वेगवेगळ्या घरांना वेगवेगळी नावे दिसली होती. गटावर पिशव्यांची छायाचित्रे टाकली गेली, पण ही नावे कोणी एकमेकांना सांगितली नाहीत. ती सांगितली गेली असती तर घाऊक पेढीची रक्कम चार निराळ्या माणसांच्या खात्यांत का जाते, हा प्रश्न लगेच उभा राहिला असता. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला मिळणारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक चौदा अंकी असतो. या बिलावर त्या क्रमांकाच्या जागी दहाच अंक होते.

खरी व्यवस्था कशी दिसते, हेही आम्हाला थोड्याच दिवसांत पाहायला मिळाले. एप्रिलच्या सुरुवातीला महानगरपालिकेने घरोघरी येणाऱ्या कचरागाड्यांमार्फत सामानाच्या याद्या गोळा करून किराणा पोचवण्यास सुरुवात केली. रोज सकाळी दारात येणारी ती गाडी आणि तिच्यावरचे कर्मचारी आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो. यादी कोणाच्या हाती दिली आणि सामान नाही आले तर उद्या कोणाला विचारायचे, हे प्रत्येकाला माहीत होते. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदारानेही मागच्या दाराने चढ्या भावात माल विकला नाही. जेवढा माल हाती होता तेवढा त्याने घरटी दोन-दोन किलो वाटून दिला आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांची उधारी वहीत मांडून ठेवली. अडचणीच्या काळात असा, उद्याही त्याच जागी सापडणारा माणूस धरावा.

असे प्रसंग केवळ महामारीतच येतात असे नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीनंतर काही दिवसांतच मीठ संपणार अशी अफवा उत्तर भारतातल्या अनेक शहरांत पसरली आणि लोकांनी कित्येक पट भावाने मीठ विकत घेतले. देशाच्या एकूण मिठापैकी सुमारे तीन-चतुर्थांश मीठ एकट्या गुजरातेत पिकते, आणि त्या वर्षी तिथे काहीही बिघडलेले नव्हते. मे 2025 मध्ये सीमेवर तणाव वाढला तेव्हाही साठा करून ठेवण्याचे संदेश फिरले आणि केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी यांना देशात पुरेसे धान्य असल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. असा संदेश पुढे पाठवणारा बहुधा काळजीपोटीच तो पाठवतो, पण त्याने निर्माण झालेल्या घबराटीवर दुसऱ्याच कोणाचे पोट भरते.

आम्ही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकांनाही कळवले. तोपर्यंत त्या खात्यांतली रक्कम काढून घेतली गेली होती. ज्या एका घराने पैसे पाठवल्यावर तासाभरातच बँकेला फोन केला होता, त्याची काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली आणि कालांतराने परत मिळाली. बाकीच्यांना काही मिळाले नाही. त्या वेळी तत्काळ तक्रारीसाठी मदतवाहिनी नव्हती. ती 2021 मध्ये सुरू झाली आणि आज तिचा क्रमांक 1930 आहे. पैसे गेल्याचे लक्षात येताच, पोलीस ठाण्यात जाण्याची वाट न पाहता, आधी या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्यापूर्वी ते अडवता येतात. जादा भाव, वजनात मारलेला काटा किंवा छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी असेल तर ग्राहक मदतवाहिनी 1915 आहे. तक्रार करताना व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, पडद्यावर उमटलेले खातेदाराचे नाव, बिल आणि मूळ संदेश हे सारे लागते. आमच्यापैकी पुष्कळांनी रागाच्या भरात तो संदेश आणि संभाषण खोडून टाकले होते, आणि तक्रार लिहिताना तीन खात्यांची नावे कोणालाच नीट सांगता आली नाहीत.