गिअर ऑइलमध्ये पाणी गेलंय म्हणाला आणि ५९,७५० रुपये घेऊन गेला

बोटीचं इंजिन दुरुस्त करायला बोलावलेल्या मेकॅनिकने मला फसवलं. आधी आकडे सांगतो, कारण घरी, नातेवाइकांत सगळ्यांना सांगून झालंय आणि प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो. व्हिजिटचे २,५००. सर्व्हिसचे ९,८००. गिअर सेटसाठी ॲडव्हान्स २८,०००. काम 'पूर्ण' झाल्यावर १९,४५०. एकूण ५९,७५०. त्यानंतर त्याने करून ठेवलेलं निस्तरायला २३,४०० वेगळे. म्हणजे ८३,१५० रुपये गेले, आणि त्यातल्या पहिल्या ५९,७५० मध्ये मला मिळाला तो काळ्या रंगाचा एक हात.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला साडूंची जमीन आहे. दोघांत मिळून आम्ही एक १६ फुटी फायबरची बोट घेतली, जुनीच, मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. तिचे कागद आमच्याकडे आहेत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे पोलिसांनी मला चोर असल्यासारखे प्रश्न विचारले.

मी सातपूरच्या कारखान्यात २६ वर्षं मेंटेनन्सला काढली. पंप, गिअरबॉक्स, सील यातच आयुष्य गेलं. त्यामुळे लोक म्हणतात, तुम्ही कसे फसलात? आउटबोर्ड हे माझं मशीन नाही, आणि नाशिकमध्ये त्याचा पार्ट मिळत नाही की हात बसलेला माणूस मिळत नाही. कसारा उतरून मुंबई गाठावी लागते, नाहीतर कोकण. म्हणून माणूस बोलावला. यात मूर्खपणा काय झाला?

दसऱ्याच्या आधी इंजिन करून घ्यायचं होतं. गाड्यांबरोबर बोटीचीही पूजा करतो आम्ही. बोट घेऊन १४ महिने झाले होते, आणि आउटबोर्डला वर्षातून एकदा किंवा १०० तासांनी इंजिन ऑइल, गिअर ऑइल, प्लग, फ्युएल फिल्टर, ॲनोड आणि पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं पात्यांचं चाक) बघावाच लागतो. ओळखीतल्या ओळखीत एक नंबर मिळाला. फोनवर माणूस एकदम माहितगार. इम्पेलर, थर्मोस्टॅट, शिफ्ट रॉड, सगळे शब्द बरोबर. मुंबईच्या दारूखान्यात, जहाजांच्या पार्टच्या बाजारात, माझी ओळख आहे, पार्ट ओरिजिनल मिळेल, म्हणाला. पैसे ज्या खात्यावर मागितले त्यावर नाव एका बाईचं होतं. 'घरच्यांचं खातं आहे, काका.' पैसे मागणाऱ्याचं आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच फोन ठेवा. मी ठेवला नाही.

आला त्या दिवशी बोट ट्रॉलीवर, काठावर होती. आल्या आल्या त्याने चावी फिरवली आणि इंजिन चालू केलं. कोरडं. पाण्याचा ड्रम नाही, पाइप जोडलेला नाही. मी ओरडलो तर म्हणाला, 'आवाज ऐकायचाय, पाच सेकंद.' आउटबोर्डचा इम्पेलर रबराचा असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला की बघता बघता पाती करपतात. हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो, कारण तो 'मुंबईचा मेकॅनिक' होता.

आणि आता ती गोष्ट, जिने माझी झोप उडवली आहे.

त्याच वेळी हॉस्पिटलमधून फोन आला. आई तेव्हा ॲडमिट होती. मी शेडच्या मागे जाऊन बोललो, दहा मिनिटं, फार तर बारा. परत आलो तर त्याच्या हातात प्लास्टिकची बाटली, आत दुधाचा चहा दिसावा तसं ऑइल. 'काका, बघा. लोअर युनिटमधून हे निघालं. सील गेलंय, पाणी आत आहे. असंच चालवलंत तर गिअर खलास.' लोअर युनिट म्हणजे इंजिनाचा पाण्यात बुडणारा खालचा भाग, गिअर आणि प्रोपेलर तिथेच. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलं, हे खरंच आहे. म्हणून तर मी फसलो. खोटं सांगितलं असतं तर पकडलं असतं. त्याने खरी गोष्ट सांगितली, फक्त ती माझ्या इंजिनाची नव्हती. बाटली त्याने घरूनच भरून आणली होती.

मी साडूंना पाठवायला फोटो काढला. बाटली पुढे, मागे लोअर युनिट. वेळ ११.४२. तो फोटो तेव्हापासून माझ्या फोनमध्ये आहे, आणि त्यात सगळं आहे. लोअर युनिटला दोन स्क्रू असतात, खाली ड्रेनचा आणि वर हवेचा. ऑइल काढायचं तर दोन्ही उघडावे लागतात, नाहीतर वरून हवा मिळत नाही आणि ऑइल थेंबथेंब येत बसतं. आधीच्या मालकाने विकताना खालचा भाग रंगवला होता, तो राखाडी रंग दोन्ही स्क्रूंच्या खाचेत बसलेला होता. फोटो मोठा करून बघितला की स्पष्ट दिसतं: रंग अखंड आहे. स्क्रू ड्रायव्हर लागलेलाच नाही. खाली जमिनीवर ऑइलचा एक डाग नाही.

२६ वर्षं मी पोरांना शिकवलं की मार्क बघा, बोल्ट उघडलेला आहे की नाही ते रंग सांगतो. आणि त्या दिवशी मी बाटलीकडे बघत बसलो. आईचा ऑक्सिजन वर-खाली होत होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, हे कारण खरं आहे. पण फोटो मीच काढला होता.

लोअर युनिट उतरवून पिकअपमध्ये टाकून तो घेऊन गेला. उतरवलेला भाग कधीही नजरेआड जाऊ देऊ नका. सील गेलंय असं कोणी म्हणालं तर सांगा, इथेच हवेचा दाब देऊन गळती दाखव. छोटा पंप आणि गेज लागतो, बाकी काही नाही. नऊ दिवसांनी परत आणलं ते चकचकीत काळं रंगवून. बसवलं, १९,४५० घेतले, हाताने लिहिलेलं बिल दिलं. जीएसटी नंबर नाही, पत्त्यात फक्त 'मुंबई'. जुने गिअर मागितले तर म्हणाला, भंगारात दिले. जुना पार्ट हा तुमचा असतो. तो हातात आल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

दसरा झाला. तिसऱ्या फेरीला, वारा सुटलेला, बोटीत साडूंची दोन नातवंडं, आणि इंजिन थंड करून बाजूने पाण्याची जी धार पडते ती बारीक झाली. मग अलार्म. मग इंजिनने आपोआप आरपीएम पाडले. अलार्म वाजला की इंजिन बंद करायचं असतं, मला ठाऊक आहे. पण बोट खडकांकडे सरकत होती आणि मुलं रडत होती. मी काठापर्यंत तशीच आणली. हेड गॅस्केट त्यात गेलं. या निर्णयाबद्दल मला कोणी बोलू नये.

अलिबागकडून दुसरा मेकॅनिक आला. या वेळी मी स्टूल टाकून शेजारी बसलो. इम्पेलर तोच जुना, दोन पाती तुटलेली, तुकडे थर्मोस्टॅटपाशी अडकलेले. प्लग जुनेच, तारेच्या ब्रशने घासलेले. स्क्रूवरचा काळा रंग खरवडला तर खाली तोच राखाडी, अखंड. आतलं गिअर ऑइल जुनं, काळपट, पण पाण्याचा थेंब नाही. सील ठणठणीत, गिअर ठणठणीत. त्याने नवीन ऑइल खालच्या भोकातून भरलं, वरून येईपर्यंत. तसंच भरतात, नाहीतर आत हवा राहते. स्क्रूचे वॉशर नवे टाकले. प्रोपेलर काढून शाफ्टला गुंडाळलेला मासे पकडायचा नायलॉन दोरा दाखवला. खरं तर सील कापतो तो हा दोरा. दोन-तीन महिन्यांनी प्रोपेलर काढून बघत जा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग पोलीस. शहरातल्या ठाण्यात गेलो, कारण घर शहरात. म्हणाले, धरण ग्रामीणमध्ये, तिकडे जा. ग्रामीणच्या ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही घरून पाठवलेत ना, मग शहरात. परत शहरात आलो तर, माणूस मुंबईचा, मुंबईला जा. सायबरच्या टेबलावर सांगितलं की तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, यात सायबर काय? एका साहेबांनी मान वर न करता विचारलं, 'नाशिकला बोट कशाला लागते?' दुसऱ्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवून धरणात बोट फिरवायची परवानगी मागितली. फसवला गेलो मी, आणि फाईल उघडायची माझीच! कागद दाखवले. मग, 'हा दिवाणी मामला आहे, काका, कोर्टात जा.' काम न करता काम केलं म्हणून बिल घेणं, बाहेरून आणलेलं ऑइल माझ्या इंजिनातलं म्हणून दाखवणं, हा दिवाणी मामला? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यायची. कलम १७३ ची प्रिंट काढून नेली होती. ती त्यांनी वाचली नाही. पाच चकरा झाल्या, अर्जावर पोच मिळायला तिसरी चकर लागली. तुम्ही गेलात तर पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, आणि नोंदवून घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने वरिष्ठांकडे रजिस्टर पाठवा. मी पाठवलाय.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला आधी फोन केला होता, तिथल्या मुलीने निदान सगळं ऐकून तरी घेतलं. अडचण पत्त्याची आहे. 'मुंबई' या पत्त्यावर नोटीस जात नाही. म्हणून काम सांगतानाच माणसाचं ओळखपत्र आणि गाडीचा नंबर फोटोत घ्या. लाज वाटते, पण घ्या.

त्याचा नंबर अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात साडूंच्या ओळखीच्या एकाला त्याने मुकणे धरणावर व्हिजिट देतो म्हणून सांगितलं, तेच २,५०० आधी. त्या गृहस्थांना मी वेळेवर थांबवलं. ज्यांना दुधाळ ऑइलची बाटली दाखवून लोअर युनिट नेलंय, त्यांनी बिल, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि असतील ते फोटो जपून ठेवा आणि माझ्याशी बोला. एकाच पद्धतीचे दोन-तीन तक्रारदार एकत्र गेले तर 'दिवाणी मामला' म्हणून हाकलणं त्यांना जड जाईल. तुमच्या फोटोतही स्क्रूचा रंग बघा.